भिंतीपलीकडची भट्टी

भंगारवाल्याचा टेम्पो धाकट्याच्या दारात थांबला तेव्हा थोरला गोठ्यात उगाचच खराटा फिरवत होता. गोठा सकाळीच झाडून झाला होता. पण हाताला काम नसेल तर त्या हातांचं करायचं काय, हे पन्नाशी ओलांडली तरी त्याला कळलं नव्हतं.

टेम्पोचं फाळकं पडल्याचा आवाज झाला. मग धाकट्याचा आवाज, "हळू, हळू! पायावर घेऊ नका!" आणि काहीतरी धप्पकन जमिनीवर आदळलं. एवढं जड, की गोठ्यातल्या गायीने रवंथ थांबवून कान टवकारले.

थोरल्याने खराटा टाकला, गव्हाणीच्या कडेवर पाय दिला आणि भिंतीवरून डोकावून पाहिलं.

दोघा भावांचं घर मुळात एकच. वडिलांच्या मागे त्यांनी ते गोडीने वाटून घेतलं आणि अंगणात मधोमध भिंत घातली. भिंतसुद्धा दोघांनीच घातली होती, थोरल्याने विटा रचल्या आणि धाकट्याने चिखल कालवला. अलीकडे थोरल्याचा गोठा आला, पलीकडे धाकट्याची पडवी. दोघांच्या चुलींचा धूर मात्र वर गेल्यावर एकच व्हायचा.

पलीकडे अंगणात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा पडला होता. चांगला माणसाच्या उंचीचा. शेजारी ट्रकच्या चाकाचा ओतीव ड्रम, जुन्या मोटारीतला पंखा, मोडकी सायकल आणि ट्रकच्या स्प्रिंगचे दोन-तीन गंजलेले पाटे. टेम्पो निघून गेला होता. धाकटा कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे असा बघत होता, जसं काही कुणी त्याला आंदण दिलंय.

"आता हा रूळ आत कसा न्यायचा?" धाकट्याची बायको विचारत होती.

थोरल्याने हात सदऱ्याला पुसले. गव्हाणीवरून उतरला, पायात चपला सरकवल्या. आता हाक येणार. लहानपणापासून धाकट्याला काहीही उचलायचं झालं की पहिली हाक 'दादा' अशीच यायची. तो दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला.

हाक आली नाही. पलीकडून लोखंडी पाइप जमिनीवर टाकल्याचे आवाज आले, मग घरंगळल्याचा, मग दोघांचं एका सुरातलं "हं... हं... अजून थोडं..." धाकट्याची बायको मध्येच हसायला लागली आणि रूळ थांबला.

थोरल्याने चपला काढल्या, पुन्हा खराटा घेतला आणि झाडलेला गोठा तिसऱ्यांदा झाडायला लागला.

"काय हो, जमीन उकरून काढताय का?" त्याची बायको दारातून म्हणाली.

त्याने खराटा आणखी जोरात ओढला.

यंदा पावसाने पाठ फिरवली होती. पेरलेलं उगवलं, वीतभर झालं आणि उभ्याउभ्याच वाळलं. धाकटा दर हंगामात एका मालकाचं कापणीचं मशीन चालवायचा, गावोगाव फिरायचा, उन्हाने काळा होऊन घरी यायचा. यंदा कापायलाच काही नव्हतं. मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलं होतं आणि धाकटा घरी बसून होता. पण त्याला बसणं माहीत नव्हतं. थोरलाही रोज सकाळी शेतावर जायचा, बांधावर उभा राहायचा, एखादं ढेकूळ पायाने फोडायचा आणि परत यायचा. दोन्ही घरांत कमावणारं एकच जण उरलं होतं, ती म्हणजे गाय.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडे नुसता उद्योग चालला होता. धाकट्याने पडवीत खोल खड्डा घेतला, रूळ त्यात उभा पुरला आणि भोवती दगड ठासून भरले. ऐरण म्हणून कमरेएवढा वर ठेवला. वरचं टोक कानशीने घासून घासून असं गुळगुळीत केलं, की त्याच्या बायकोने त्यात तोंड बघितलं आणि "शी, किती काळी पडलेय मी" म्हणाली. भट्टीसाठी ड्रमला तीन पाय लावले. आतून माती आणि राख कालवून लेप दिला, बुडातून नळी घेतली. नळीला मोटारीचा पंखा जोडला, पंख्याला पट्टा आणि पट्ट्याला सायकलचं चाक. हाताने चाक फिरवलं की पंखा सूंऽऽ करायला लागायचा.

हे सगळं थोरल्याला माहीत होतं, कारण तो दिवसातून चार वेळा गव्हाणीवर चढत होता. गायीला त्याची सवय झाली होती. तो चढला की ती जरा बाजूला सरकायची.

पहिल्यांदा कोळसे पेटवले त्या दिवशी लेप अजून ओलाच होता. तापल्यावर त्याची एक ढलपी फट्‌कन उडाली आणि धाकट्याच्या कानाजवळून गेली. बायको किंचाळली. धाकटा जमिनीवर बसला आणि हसायला लागला. पोट धरून हसत होता. थोरला भिंतीआडून ऐकत राहिला. ओला लेप पेटवायचा नसतो, दोन दिवस सावलीत वाळू द्यायचा असतो, हे कुणालाही सुचलं असतं. कुणी विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं.

दुसऱ्या सकाळी तो धार काढायला बसला होता आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

ठण्ण!

त्याच्या बोटांतून सड निसटला. गायीने मागचा पाय उचलला, बादलीच्या काठावर ठेवला आणि बादली आडवी झाली. दूध बघता बघता जमिनीत जिरलं. गोठ्यातली जमीनसुद्धा तहानलेली होती.

"ए! काय चाललंय तिकडे?" थोरला बसल्या जागेवरून ओरडला.

"काही नाही दादा! बघत होतो, कसा वाजतो!"

"काय?"

"रूळ!" आणि पुन्हा एकदा, नुसत्या हौसेने, ठण्ण.

त्या दिवसापासून ठोके सुरू झाले. धाकट्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणी बाजाराच्या वाटेवर एका लोहाराच्या भट्टीसमोर तो तासन्‌तास उभा राहायचा आणि थोरला त्याला मनगट धरून ओढत न्यायचा, तेवढंच त्याचं शिक्षण. पहिले काही दिवस लोखंड त्याच्या सांडशीतून निसटून अंगणभर पळत होतं. एक तापलेला तुकडा वाळत घातलेल्या चादरीवर पडला आणि आरपार गेला. मग त्याने जाड सळईची स्वतःची सांडशी बनवली, आणि ती लोखंड घट्ट धरायला लागली. मग खुंट्या. मग दाराची कडी. मग ट्रकच्या पाट्यातून एक विळा, ज्याचं पातं जरा सापासारखं झालं, पण कापत होतं. धाकटा एकेक वस्तू उन्हात धरून बघायचा, फिरवून बघायचा, बायकोला हाका मारायचा. संध्याकाळी हातपाय धुताना तो शीळ घालायचा. मशीनवरून घरी आला की कसा मेल्यासारखा पडायचा तो!

थोरल्याची बायको एकदा भिंतीला वळसा घालून तिकडे जाऊन आली आणि हातात नवीन झारा घेऊन परत आली.

"बघा, भाऊजींनी केला. दांडी कशी पिळलीय!"

थोरल्याने झारा उलटसुलट केला. दांडीला खरोखरच सुरेख पीळ होता.

"वाकडा आहे," तो म्हणाला आणि खाली ठेवला.

गायीचं दूध कमी व्हायला लागलं होतं. आधी बादली काठापर्यंत यायची, मग बोटभर खाली, मग दोन बोटं. थोरला कास कोमट पाण्याने धुवायचा, सडांना तूप लावायचा, पाठीवर हात फिरवायचा. गाय शांत उभी राहायची, पण धार बारीकच.

"वासरू मोठं झालंय तिचं," बायको म्हणाली. "आणि चारा म्हणजे नुसता वाळला कडबा. हिरवं पान दिसत नाही तिला. कुठून देणार बिचारी?"

"चाऱ्याचं नाही ते," थोरला म्हणाला. "पान्हा चोरतेय ती. त्या ठोक्यांनी."

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांची तगमग एका जागी येऊन बसली. बायको त्याच्याकडे बघत राहिली, पण तोवर तो उठून भिंतीकडे गेला होता.

"धाकट्या!"

ठोके थांबले. धाकट्याचं काळंकुट्ट, घामाने चकाकणारं तोंड भिंतीवर आलं. "काय दादा?"

"गाय दूध देईना झालीय."

"अरे! काय झालं तिला?"

"तू झालायस! दिवसभर ठणाठण, ठणाठण. बिचकते ती. पान्हा चढवून घेते."

धाकट्याच्या बायकोने पलीकडून विचारलं, "दादा, तुम्ही तर म्हणायचात, हिच्या कानाशी ढोल वाजवला तरी ही हलत नाही?"

"ढोल वेगळा. भिंतीला लागून लोहार बसल्यावर कोणती गाय दूध देईल?"

"लोहार म्हणालास मला?" धाकट्याच्या तोंडावर हसू पसरलं. "दादा, अजून तेवढं कुठे जमतंय!"

त्या हसण्याने थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दात काय काढतोस? इथे दूध आहे म्हणून दोन्ही घरांत चहा होतोय! तुझ्या खेळापायी उद्या गाय आटली तर काय, खुंट्या उकळून प्यायच्या?"

धाकट्याचं हसू हळूहळू विझलं. त्याने हातोड्याचा दांडा अंगठ्याने पुसला.

"खेळ नाही रे तो," तो हळू म्हणाला. "मशीनवर बसलो की पुढेच बघायचं. मागे काय पडलं, कधी दिसायचं नाही. हे समोर घडतं, दादा. डोळ्यांसमोर."

थोरल्याने भिंत सोडली. खाली उतरताना त्याचा पाय गव्हाणीवरून घसरला आणि गुडघा खरचटला.

धाकट्याने काही कसर ठेवली नाही. रुळाला जाड साखळी गुंडाळली, म्हणजे आवाज दबतो. बुडाशी वाळू भरली. खरोखरच ठण्णचं ठक्‌ झालं. गाय चरायला सोडली असेल तेव्हाच काम करायचं, असंही त्याने ठरवलं. पण थोरला रोज सकाळी रिकामी होत चाललेली बादली भिंतीवर आणून ठेवायचा.

"अजून नाही?" धाकटा विचारायचा.

"धसका घेतलाय तिने. आठवणीत राहतं जनावराच्या."

शेवटी एक दिवस धाकट्याने कोळसे विझवले, पंख्यावर आणि रुळावर गोणपाट टाकलं, हातोडे पिशवीत भरून ती वर खुंटीला लावली. त्यानेच बनवलेल्या खुंटीला.

भिंतीपलीकडे शांत झालं. थोरल्याला वाटलं होतं, आता डोक्याची कटकट जाईल. पण ती शांतता त्याला बसू देईना. तो अंगणात येरझारा घालायचा. मध्येच थांबून कान द्यायचा. पलीकडे धाकटा खाटेवर पडलेला असायचा, किंवा घरात नसायचाच. शीळ बंद झाली. दुपारी नवराबायकोची एकदोनदा वादावादी ऐकू आली, "नुसते पडून राहता", "मग काय करू, डोक्यावर उभा राहू?" अशी. थोरला गव्हाणीवर चढून गोणपाटाखालच्या रुळाकडे बघायचा.

आणि दूध वाढलं नाही. उलट घटलंच. थोरल्याला ते आधीपासून ठाऊक होतं. जन्मभर गायी सांभाळलेल्या माणसाला आटत चाललेली कास हाताला कळते. पण आता ते सगळ्यांना कळणार होतं. बायको रोज बादलीत वाकून बघत होती आणि तिचं ते काही न बोलणं त्याला टोचत होतं.

एका सकाळी ती घरात असताना त्याने माठातलं तांब्याभर पाणी बादलीत ओतलं. हाताने ढवळलं. बादली वर आली.

"बघ," तो स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "वाढलं की नाही? सांगत नव्हतो मी?"

बायकोने बादलीकडे पाहिलं, मग त्याच्या कोपरापर्यंत ओल्या हाताकडे. "वाढलं हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांब्यावर थोडं अधिक गेलं. तिसऱ्या दिवशी तो कॅन घेऊन डेअरीत उभा होता.

डेअरी म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, ओली फरशी, आंबूस वास. दाराशी दुधाची गाडी उभी होती आणि आतले डबे तिच्यात चढत होते. रांगेत थोरल्याच्या मागे दोन बायका आणि एक म्हातारा होता. डेअरीवाल्याने त्याच्या कॅनमधलं दूध उंच भांड्यात घेतलं आणि त्यात दुधाचा कस बघायची काचेची नळी सोडली. नळी तरंगायची ती खाली गेली. डेअरीवाल्याने ती काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा खाली.

"काका," तो म्हणाला, मोठ्याने, पण चेष्टेच्या सुरात, "तुमची गाय विहिरीत उतरून चरते की काय?"

मागची बाई फिसकन हसली. म्हातारा खोकला. थोरल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "हल्ली... चारा पातळ आहे," तो काहीतरी म्हणून गेला आणि त्यावर सगळेच हसले.

"हे परत न्या. आणि काही दिवस आणूच नका. इतकी वर्षं घालताय, म्हणून एवढंच बोलतो."

कॅन त्याच्याकडे सरकवला गेला. तो उचलायला वाकला आणि वाकताना त्याला गाडीपाशी उभा असलेला धाकटा दिसला. हातात ड्रायव्हिंगचं लायसन्स होतं. शेजारी गाडीचा मालक. धाकट्याने सगळं पाहिलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. तो आत आला, थोरल्याच्या हातातून कॅन घेतला आणि चालायला लागला.

डेअरीपासून घरापर्यंत कच्चा रस्ता होता. दोन्ही बाजूंना उघडी, भेगाळलेली शेतं. कॅनमधलं दूध पावलागणिक डुचमळत होतं.

"गाडीपाशी काय करत होतास?" शेवटी थोरल्यानेच विचारलं.

"ड्रायव्हर पाहिजे त्यांना. शहरात राहायला खोली देतात."

"मग?"

"हो म्हणालो."

"आणि घर?"

"घराला काय धाड भरलीय. कुलूप लागेल." धाकटा थांबला, वळला. "पाणी कशाला घातलंस, दादा?"

थोरला पायाने रस्त्यातला खडा ढकलत राहिला. "तू बंद केल्यावर वाढायला पाहिजे होतं ना दूध."

"वाढलं नाही?"

"नाही."

"म्हणजे ठोक्यांचं काही नव्हतंच?"

"नव्हतं."

"हे तुला कधी कळलं?"

वाऱ्याने धूळ उठली. थोरल्याने डोळे मिटून घेतले, आणि मिटलेले असतानाच म्हणाला, "आधीपासून माहीत होतं."

धाकट्याने कॅन खाली ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. झाकण उडालं आणि पातळ दूध त्याच्या पायावर सांडलं.

"आधीपासून? आणि मी साखळ्या गुंडाळतोय! वाळू भरतोय! रोज सकाळी ती बादली भिंतीवर ठेवायचास, तेव्हाही माहीत होतं?" त्याचा आवाज चिरकला. "तुझं मी काय घोडं मारलं होतं? सांग ना! मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"काही मागितलं नाहीस!" थोरला एकदम ओरडला. "तेच ना! रूळ आणलास, तेव्हा मला हाक मारली नाहीस. चपला घालून उभा होतो मी दारात. बायकोबरोबर ढकलत बसलास, पाइप घालून. एका शब्दाने विचारलं नाहीस. खड्डा काढलास, विचारलं नाहीस. लेप ओला होता, मला दिसत होतं ओलाय ते. वरून, भिंतीवरून बघायचं आम्ही. चोरासारखं."

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. एवढा मोठा माणूस, खरचटलेल्या गुडघ्याच्या पोरासारखा रस्त्यात उभा होता.

धाकटा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "अरे, वहिनीने सांगितलं होतं."

"काय?"

"टेम्पो यायच्या आदल्याच दिवशी. म्हणाली, भाऊजी, यांना रुळाला हात लावू देऊ नका. गेल्या साली पोतं उचलून कंबर गेली आणि अंथरूण धरलं होतंस ना तू? म्हणाली, तुम्ही विचारलंत तर ते नाही म्हणायचे नाहीत आणि पुन्हा आडवे होतील. म्हणून विचारायचंच नाही."

"तिनं सांगितलं?"

"शपथ घालून."

थोरला कॅनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कंबर माझी आहे की तिची?"

एरवी धाकटा यावर हसला असता. आता हसला नाही. त्याने झाकण उचललं, पुसलं, कॅनवर दाबलं आणि पुढे चालायला लागला. घरापर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. थोरला चार पावलं मागून येत राहिला. धाकट्याचा राग ओसरला नव्हता, ते त्याला त्या पाठीवरून दिसत होतं.

दाराशी आल्यावर थोरला आपल्या बाजूला वळला.

"तिकडे कुठे?" धाकटा म्हणाला. "ये इकडे."

पडवीत जाऊन त्याने गोणपाट ओढून फेकलं. खुंटीवरची पिशवी काढली. कोळसे भरले, काडी लावली, आणि सायकलचं चाक थोरल्याच्या हाती दिलं. "फिरव. एकसारखं."

थोरल्याने फिरवलं. आधी जोरात, मग धाकट्याने हात दाखवल्यावर सावकाश. कोळशांत लालसर डोळे उघडले, मग नारिंगी. धाकट्याने ट्रकच्या पाट्याचा तुकडा आत खुपसला. ऊब थोरल्याच्या नडगीवर, मग पोटावर, मग तोंडावर चढत गेली. लोखंड काळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं लाल, लालाचं पिकल्या फळासारखं पिवळं. जन्मभर लोखंड वापरलं होतं त्याने. नांगर, कुदळ, विळे, खुरपी. त्याला आतून असा रंग असतो, हे त्याने एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

"घे," धाकट्याने सांडशीने तुकडा रुळावर धरला आणि मानेनेच हातोड्याकडे खूण केली. "मनगटाने नको. खांद्यातून सोड. पडू दे त्याला."

थोरल्याने हातोडा उचलला आणि मारला. ठोका तुकड्याला लागलाच नाही, रुळाच्या कडेवर बसला. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसरा ठोका लागला. आणि त्याच्या हाताखाली लोखंड हललं. खरोखर हललं, कणकेसारखं, जरासं पसरलं. काळे पापुद्रे उडून रुळावर विखुरले.

"हललं!" तो म्हणाला.

"हलणारच. मार पुढे, गार होतंय."

त्याने मारलं. पुन्हा मारलं. ठोका लागला की हातोडा आपोआप वर यायचा, जणू खालून कुणी तो परत हातात देतंय. पिवळ्याचं लाल झालं, आवाज बदलला, लोखंड घट्ट झालं तसा धाकट्याने तुकडा परत निखाऱ्यांत सारला आणि थोरला धापा टाकत, घामाघूम, हातोडा हातात धरून वाट बघायला लागला. त्याच्या तोंडावर काय होतं त्याला ठाऊक नव्हतं, पण धाकटा त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या ओठांची कड हलली होती.

"कंबर!" मागून आवाज आला.

थोरल्याची बायको पडवीच्या दारात उभी होती, हात पिठाने भरलेले, आणि तिच्या खांद्यामागे धाकट्याची बायको.

"कंबर इथेच आहे," थोरला म्हणाला. "बघून घे. आणि माझ्या पाठीमागे शपथा घालत जाऊ नकोस."

"मग काय करू? तुमच्या तोंडावर सांगितलेलं कधी ऐकलंय तुम्ही?"

मग ती धाकट्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तरी..."

"वहिनी, माझ्या हातात लोखंड आहे, मला काही विचारू नका."

मग कोपऱ्यातला ओंडका पायाने ढकलत आणून तिने थोरल्याच्या जवळ ठेवला. "मध्ये मध्ये बसा तरी," ती म्हणाली. जाता जाता वळली. "आणि उद्यापासून माठाला हात लावायचा नाही."

थोरल्याने मान खाली घातली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर.

धाकट्याने गाडीच्या मालकाला दिलेला शब्द मोडला नाही. पण शहरातली खोली घेतली नाही. तो पहाटेची फेरी घ्यायचा आणि दुपारपर्यंत परत यायचा. त्याचा राग लगेच गेला, असं नाही. बोलता बोलता एखादा टोला तो अजूनही ठेवून द्यायचा, "विचार, गायीला चालेल का?" असा, आणि थोरला तो निमूटपणे घ्यायचा. गाय पुढच्या काही दिवसांत पुरती आटली. चहा बिनदुधाचा झाला. डेअरीकडे जायची वेळ थोरल्यावर आली नाही, आणि त्या रस्त्याने जायचं तो टाळतही होता.

सकाळचा वेळ त्याला जाता जात नव्हता. शेतावर जाऊन यायचा, अंगणात फिरायचा, रस्त्याकडे बघायचा. मग राहवायचं नाही. भिंतीला वळसा घालून तो पडवीत जायचा, नुसते कोळसे काढून ठेवायचे म्हणून; मग नुसतेच पेटवायचे म्हणून.

असाच एका दुपारी धाकटा गाडी सोडून आला, तर पडवीत ठोके चालू होते. आडवेतिडवे, एक जोरात तर एक हलका. थोरला सदरा काढून रुळासमोर उभा होता. छातीवर काजळीचे पट्टे, भुवया जरा करपलेल्या. शेजारी ओंडका रिकामा.

धाकटा दारातच थांबला. मग आत येऊन त्याने तोंडावर पाणी मारलं आणि रुळावरच्या त्या काळ्या-लाल वस्तूकडे वाकून पाहिलं. एका टोकाला ती चपटी होती, मध्ये पिळलेली, दुसऱ्या टोकाला वळवायचा प्रयत्न झाला होता आणि सोडून दिला होता.

"काय करतोयस?" त्याने विचारलं.

"ओळख."

"कडी?"

"नाही."

"विळा?"

"छे."

"चमचा आहे का, दादा?"

थोरल्याने सांडशी वर उचलली आणि ती वस्तू उजेडात धरली. एका बाजूने बघितली, मग दुसऱ्या. त्यालाही नीट सांगता येईना.

"झाल्यावर कळेल," तो म्हणाला आणि ती परत निखाऱ्यांत सारली. "उभा काय राहिलास? चाक फिरव, गार होतंय."